धुरपदाबाईंनी मानलेले आभार

चिंचगडच्या तळ्यात महाराजांचा हत्ती रोज डुंबायचा, पण धुरपदाबाई सोनकांबळेंच्या वस्तीला त्या पाण्याला हात लावायची बंदी होती. बाईंनी मोर्चे काढकाढून दरबाराला जेरीस आणलं. शेवटी दिवाणांनी शक्कल लढवली. बाईंना ‘शांतिरत्न’ किताब द्यायचा, म्हणजे त्यांचं तोंड बंद होईल. अट एकच, भाषणात फक्त महाराजांची स्तुती करायची. तक्रारीचा शब्द निघाला की बँडवाल्यांनी जोरात वाजवून तो बुडवायचा.

भर दरबारात किताब घेऊन बाई बोलायला उभ्या राहिल्या.

“महाराज, तुमच्यासारखा उदार राजा आमच्या सात पिढ्यांनी पाहिला नाही. आजपासून तुम्ही तळं सगळ्यांना खुलं केलंत. हे उपकार आम्ही कसे फेडायचे?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक महाराजांचा जयजयकार करू लागले. ही तर स्तुतीच, म्हणून बँडवाले गप्प बसले.

“खोटं! साफ खोटं!” दिवाण किंचाळले.

बाईंनी वळून विचारलं, “दिवाणसाहेब, महाराज उदार आहेत हे खोटं?”

सगळा दरबार महाराजांकडे बघू लागला. महाराज खाकरले.

“हुकूम निघालाय,” ते म्हणाले. “फक्त दिवाणांना कळवायचा राहिला होता.”