साळुंकी बोराला चोच का लावेना?

ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीत एक सशीण आपली तीन पिल्ले घेऊन राहत असे. तिकडे एका रानमांजराचा वावर होता, म्हणून सकाळी चरायला जाताना पिल्लांपाशी राखण लागे. ते काम साळुंकीचे. तिने जाळीवर बसून राहायचे, मांजर दिसले की कलकलाट करायचा, आणि सशिणीने परत आल्यावर तिला एक सुके बोर द्यायचे. सगळा हिवाळा हे सुरळीत चालले. बोरासाठी साळुंकी सशिणीच्या आधी उठून बसे.

चैत्र सरता सरता मात्र तिचे चित्त उडाले. मध्येच उठून जाऊ लागली. एका सकाळी सशीण परतते तो जाळी मोकळी, आणि समोर धुळीत मांजराच्या पावलांचे ठसे. ती धावत जाळीत शिरली. पिल्ले वाचली होती, एवढेच नशीब. दुसऱ्या दिवशी तिने दोन बोरे ठेवली, तिसऱ्या दिवशी चार. साळुंकीने त्यांना चोचही लावली नाही. बोरे तीच, साळुंकी तीच, मग बिघडले कुठे? सशिणीने एक बोर स्वतः चावून पाहिले. ते चांगले गोड निघाले आणि बिचारी आणखीच गोंधळली.

शेवटी ती कासवाकडे गेली. कासव म्हणाले, "अगं, समोरचा उंबर पिकलाय. खाली सडा पडलाय फळांचा. पोट भरलेल्या साळुंकीला तुझ्या बोराचं काय कौतुक?"

"मग पाच देऊ का, कासवकाका?"

"बोरं राहू देत. तिच्याकडे नीट बघ जरा."

सशिणीने पाहिले. साळुंकी चोच वासून धापा टाकत होती. ओढा आटलेला, पाण्यासाठी तिला टेकडीपलीकडे जावे लागे. सशिणीने लगेच ओढ्याच्या वाळूत पाणी लागेपर्यंत खड्डा करून झिरा उकरला. राखण झाली की तिथले गार पाणी साळुंकीचे, असे ठरले. त्या दिवसापासून साळुंकी जाळीवरून हलेना. चौथ्या दिवशी मांजर आले, तेव्हा तिने असा कल्ला केला की सगळे रान ओरडू लागले आणि मांजराने काढता पाय घेतला.

मग एका दुपारी वळीव कोसळला आणि खड्ड्याखड्ड्यांत पाणी साचले. दुसऱ्या सकाळी सशीण सवयीने झिरा उकरायला निघाली आणि मध्येच थांबली. आता पाणीही नको, बोरही नको. पुन्हा सगळा घोळ. पण या वेळी तिने सरळ विचारले, "साळुंकीताई, आज तुला काय हवंय गं?"

"अंडी घालायचीत," साळुंकी म्हणाली. "घरट्यात अंथरायला काही मऊ मिळत नाही बघ."

सशिणीने आपल्या पोटावरचे चिमूटभर केस उपटून साळुंकीपुढे ठेवले आणि निर्धास्तपणे चरायला गेली.

तात्पर्य : बक्षिसाची किंमत देणाऱ्याच्या हातात नसते, घेणाऱ्याला त्या घडीला कशाची उणीव आहे, त्यावर ती ठरते.