वेणू आणि चिंतू

विसाजीपंत दाबके यांनी मुलगी लहान असतानाच मृत्युपत्र केले होते. ‘माझी नारळीची बाग कन्या वेणू हिला मिळावी, वेणू हयात नसल्यास पुतण्या चिंतू यास मिळावी,’ असे त्यात लिहिले होते. पुढे तीस वर्षे त्यांनी तो कागद उघडला नाही.

पंत वारले आणि पुतण्याने मुन्सफांपुढे दावा लावला. मधल्या काळात एका इनामदारांकडे दत्तक जाऊन चिंतूचे श्रीमंत जगदेवराव झाले होते. जुन्या नावाने कोणी हाक मारल्यास ते वळूनही पाहत नसत.

“साहेब, या बाई सरस्वती लिमये,” जगदेवराव म्हणाले. “लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने हे नाव लिहिले गेले, त्याच दिवशी वेणू संपली. मृत्युपत्राचा शब्द न् शब्द पाळला जावा.”

विधवा सरस्वतीबाई त्या बागेतल्याच घरात राहत होत्या. त्यांना दुसरा आसरा नव्हता. त्या शांतपणे म्हणाल्या, “दादांचे म्हणणे मला मान्य आहे. बाग घ्यायला चिंतूला बोलवावे.”

“चिंतू मीच.”

“ते कसे, दादा? दत्तविधानात तुमचेही नाव बदलले. त्या दिवशीचे पेढे मी खाल्ले आहेत. आता तुम्हीच सांगा, आपण दोघेही आहोत, की दोघेही नाही?”

मुन्सफांनी बाग वेणूला दिली.

घरी येताच मुन्सफांनी स्वतःचे मृत्युपत्र काढून पाहिले. त्यात लेकीचे माहेरचेच नाव होते, आणि तिच्या लग्नाला नऊ वर्षे झाली होती. पगडी उतरवण्यापूर्वीच ते नवा कागद घेऊन लिहायला बसले.