बांधावरची रानभेंडी

मुलांनो, भेंडीचं फूल किती वेळ उमललेलं राहतं, ठाऊक आहे का? फक्त एक सकाळ.

भाज्या आपसात बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. सगुणाबाईंच्या मळ्यात भेंडीवर केवडा रोग पडला आणि सगळी पानं पिवळी झाली. "उद्या ओळ उपटते. कडेची एक तेवढी बियाला ठेवते," त्या म्हणाल्या.

कडेची भेंडी वाचली, पण तिला बियाची काळजी लागली. आपलं बी आपल्यासारखंच निघणार आणि त्यालाही केवडा गाठणार. तिच्यावर एकच कळी उरली होती. बांधावरची रानभेंडी मात्र हिरवीगार उभी होती.

"ताई, तुझे थोडे पराग देतेस?" कडेच्या भेंडीने विचारलं.

"कालपर्यंत खाजरी म्हणत होतीस, आज ताई झाले होय?" रानभेंडी हसली. "माझा गुण घेशील, तर लेकरांच्या अंगावर माझी खाजरी लवही येईल हो."

"शी, बाजारात कोण विचारील त्यांना?" ओळीतल्या भेंड्या कुजबुजल्या.

"खाज सगुणाबाई पिढ्यान्‌पिढ्या बी निवडून घालवतील," कडेची म्हणाली. "आधी लेकरं हिरवी तर राहू देत."

हे ऐकून बांधावरून चाललेली एक मधमाशी आनंदाने गिरक्याच घेऊ लागली. "ठरलं मग. उजाडताच आधी बांधावर जाते, मग तुझ्याकडे येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळ उपटत सगुणाबाई कडेला आल्या, तेव्हा फूल उमललं होतं आणि परागांनी माखलेली मधमाशी त्यातून बाहेर पडत होती. हे बियाचं, म्हणून त्यांनी फुलाच्या देठाला लाल चिंधी बांधली.