लिंबाजी गुरुजी आणि केवडाची खुर्ची

एका गावात एक भोळे हेडमास्तर होते. गावाचं नाव चिंचटाकळी, हेडमास्तरांचं नाव लिंबाजी गुरुजी. माणूस देवमाणूस. कुणाचा एक खडूसुद्धा इकडचा तिकडे केला नाही. फक्त सांगितलेलं काम ते सांगितलं तसंच करत. डोकं मध्ये घालत नसत. डोकं घातलं की काम बिघडतं, असं त्यांचं मत होतं.

शाळेत केवडा नावाची मुलगी होती. हैबती कुंभाराची लेक, वय वर्षं नऊ, जिभेने चुरचुरीत. पाय मात्र जन्मापासून साथ देत नव्हते. बाप रोज पाठुंगळी घेऊन शाळेत आणायचा. यंदा बापाच्या कमरेत उसण भरली आणि केवडा घरी बसली. गुरुजींना फार वाईट वाटलं. तिच्याइतके खणखणीत पाढे शाळेत कुणी म्हणत नसे.

तेवढ्यात तालुक्याहून दिव्यांग मुलांसाठीचा निधी आला. चाकाची खुर्ची, एक टेबल आणि पायऱ्यांशेजारी उतार बांधायचा खर्च. सोबत पत्र होतं. मार्चअखेर साहेब तपासणीला येतील. निधी वापरलेला दिसला नाही तर सगळं परत जाईल आणि मुलीचं नाव घरी शिकणाऱ्यांच्या यादीत टाकलं जाईल.

"म्हंजे मी शाळेत यायचंच न्हाई?" केवडाने विचारलं.

"मी आहे ना!" गुरुजी म्हणाले.

तेच तर अवघड होतं.

पत्रात एक ओळ ठळक होती. 'या निधीतील वस्तूंचा वापर फक्त दिव्यांग विद्यार्थ्यांनीच करावा.' गुरुजींनी खिशातली वही काढली. लिहून घेतलं. लिहून घेतलेलं ते कधी विसरत नसत.

खुर्ची आली. हैबतीने लेकीला बैलगाडीतून शाळेत आणलं, कसंबसं उचलून खुर्चीत बसवलं आणि खुर्ची ढकलायला गेला.

"हात काढ!" गुरुजी ओरडले. "तू दिव्यांग आहेस का?"

"न्हाई जी. कंबर तेवढी धरलीय."

"मग लांब हो."

अंगणात नवा मुरूम टाकला होता. केवडाने दोन्ही हातांनी चाकं फिरवली, तशी ती रुतून बसली. ढकलायची कुणालाच परवानगी नव्हती. पोर अंगणाच्या मधोमध उन्हात बसून राहिली. गुरुजी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले. छत्री त्यांची स्वतःची होती, निधीतली नव्हती.

दुपारी केंद्रप्रमुख सोनटक्केबाई आल्या. या बाईंच्या हाताखाली दहा शाळा होत्या. त्यातल्या नऊ शाळांचा त्यांना काहीच त्रास नव्हता.

"अहो गुरुजी, वस्तू मुलीची असली म्हणून काय झालं? सगळ्यांनी हात लावायचा. सगळ्यांनी मिळून करायचं असतं हे!"

"आलं ध्यानात, बाई."

गुरुजींनी खिशातली वही काढली. लिहून घेतलं. 'सगळ्यांनी हात लावावा.'

पोरांनी खुर्ची ढकलत पायऱ्यांपाशी नेली. वर जायला पाच पायऱ्या होत्या आणि उतार अजून बांधायचा होता. मग केवडा पायऱ्यांखाली बसूनच धडा ऐकू लागली. फळा दिसत नव्हता. पण घरी बसण्यापेक्षा हे बरं, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचं टेबल आलं. खुर्ची आत सरकावी म्हणून पुढून अर्धगोल कापलेलं, गुळगुळीत. गुरुजींनी सगळी शाळा रांगेत उभी केली.

"एकेकाने यायचं. हात लावायचा. मागे जायचं."

बेचाळीस पोरं. पहिलीच्या पोरांनी हात लावला. दुसरीच्यांनी जोरात लावला. तिसरीच्यांनी वर चढून लावला. स्वयंपाकाच्या मावशी हात पुसत आल्या आणि त्यांनीही लावला. केवडाचा नंबर शेवटचा होता. तिची पाळी आली तेव्हा टेबलाचे तीन पाय उभे होते आणि चौथा मावशींच्या हातात होता.

सोनटक्केबाई आल्या. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"गुरुजी, अख्ख्या गावाचं काय घेऊन बसलात? मुलीला बघा! जे करायचं ते तिच्या मापाचं करा."

"आलं ध्यानात, बाई."

गुरुजींनी खिशातली वही काढली. लिहून घेतलं. 'मुलीच्या मापाचे करावे.'

टेबलाचा पाय सुताराने बसवून दिला. मग गुरुजींनी उतार बांधायला भुजंगा गवंडी बोलावला. सुतळी घेतली, केवडाच्या या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत धरली आणि गाठ मारली.

"एवढा रुंद."

भुजंगाने सुतळी बघितली. मग गुरुजींकडे बघितलं.

"गुरुजी, ह्यावरनं शेळी तेवढी जाईल."

"शेळीला निधी नाही. मुलीच्या मापाचा बांध."

भुजंगाने बांधला. एक फूट रुंद, वर घोटून गुळगुळीत केलेला. दिसायला फार देखणा. खुर्चीचं एक चाक त्यावर चढलं, दुसरं हवेत लोंबकळलं. केवडा तिरपी झाली तरी हसत होती. "गुरुजी, अर्धी मी वर चालले बघा!"

सोनटक्केबाई आल्या. या वेळी त्या आधी पायरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि मग बोलल्या.

"गुरुजी, हात जोडते. मुलीला कशाला बघता? खुर्चीला बघा! खुर्ची वर गेली की काम झालं!"

"पण बाई, परवा तर तुम्ही..."

"खुर्चीला बघा!"

"आलं ध्यानात, बाई."

गुरुजींनी खिशातली वही काढली. लिहून घेतलं. 'मुलीला बघू नये. खुर्चीला बघावे. खुर्ची वर गेली की काम झाले.'

भुजंगाने उतार फोडून पुन्हा बांधला. या वेळी खुर्चीच्या मापाचा, चांगला चार फूट. तपासणीचा दिवस उजाडला. केवडाने दोन वेण्या घातल्या, नवी रिबीन बांधली. आज आपण वर्गात बसणार, फळा बघणार, म्हणून तिला सकाळी भाकरीसुद्धा गेली नव्हती. बापाने तिला बैलगाडीतून आणून पायऱ्यांपाशी पोत्यावर बसवलं.

"गुरुजी, चला की!"

"थांब केवडे, आज मध्ये बोलू नकोस," गुरुजी म्हणाले. त्यांनी वही उघडून पुन्हा एकदा वाचली. मग रिकामी खुर्ची धरली आणि उतारावरून सरळ वर नेली. कुठे धक्का नाही, कुठे अडकली नाही. वर्गात नेऊन टेबलाला लावली. गुरुजींचा जीव भांड्यात पडला. झालं काम.

साहेबांची जीप आली. साहेब घाईत होते. गुरुजींनी हजेरी सुरू केली.

"केवडा हैबती!"

"हजर, गुरुजी!" पायऱ्यांखालून खणखणीत आवाज आला.

साहेबांनी मान हलवली. उतार मोजला. टेबल हलवून बघितलं. खुर्चीचं चाक फिरवलं. खुर्चीचा फोटो घेतला आणि कागदावर सही केली.

"छान. खुर्ची अशीच ठेवा, गुरुजी."

गुरुजींनी खिशातली वही काढली. लिहून घेतलं.

जाताना साहेबांना पोत्यावरची मुलगी दिसली. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"कुणाची ग तू?"

"शाळेची," केवडा म्हणाली.

"वा वा," म्हणून साहेब जीपमध्ये बसले.

गुरुजी जीपला निरोप द्यायला फाटकापर्यंत गेले. तेवढ्यात केवडाने वर्गातल्या पोरींना हाक मारली. "अगं चंदने, बघत काय बसलीस? आणा ती खाली!" पोरी धावल्या. खुर्ची खाली आणली, चौघींनी केवडाला उचलून बसवलं आणि धुडूधुडू ढकलत वर नेलं. गुरुजी परत आले तर केवडा फळ्यासमोर बसून मोठमोठ्याने फळा वाचत होती.

गुरुजी धावत खुर्चीपाशी आले.

"केवडे, ऊठ! साहेबांनी बघितली तशीच ठेवायचीय खुर्ची. आधी ऊठ!"

"गुरुजी, उठता आलं असतं तर ही आणली असती का?"

गुरुजी विचारात पडले. बोलणं बरोबर वाटत होतं. पण वहीत तसं कुठेच नव्हतं. वही त्यांनी पहिल्या पानापासून वाचली, शेवटून वाचली. सोनटक्केबाईंना विचारावं, तर त्या पंधरा दिवसांच्या रजेवर गेल्या होत्या. शेवटी त्यांनी शाळेचा कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात तालुक्याला पत्र लिहिलं.

'महोदय, निधीतून मिळालेली खुर्ची सुस्थितीत आहे. परंतु तपासणीनंतर तिच्यात एक मुलगी आढळून आली आहे. सदर मुलगी उठण्यास तयार नाही. तरी काय करावे, ते कळवावे.'