माळावरची दवंडी

मानसिंगराव जहागीरदारांच्या वेताळपेठेत चारशे घरं इतकी खेटून होती, की एकीनं फोडणी दिली की पाचव्या घरातला म्हातारा शिंकायचा. रावांना ही दाटी खुपली. त्यांनी चौकात दवंडी पिटवली, "पेठ पाडणार! आठ दिवसांत माळावर राहायला चला. दोन घरांमध्ये कोसभर मोकळं रान!"

चारशे घरांनी ती एकच दवंडी जागच्या जागी ऐकली. तुळसा कासारीण हिशेब करू लागली. गिऱ्हाइकं अशी पांगली, तर ती बांगड्या भरणार कुणाला? पण हात जोडून म्हणाली, "सरकार, माळावर आधीच कोसाकोसावर राहायला गेलेल्या अकरा घरांनाही कळवा की, शेजारी येतायत म्हणून!"

राव खूश झाले. दवंडीवाल्याला स्वतःचा घोडा दिला. संध्याकाळी तो घोड्याला ओढत पायीच परतला. "सरकार, सात घरं झाली. पुढं घोडा हलेना."

"मग चारशे घरांना किती घोडे लागतील?" तुळसा म्हणाली. "आम्ही निघतो, सरकार. तुमचा पुढचा हुकूम पोचेपर्यंत तिकडं आम्हीच राजे!"

रावांनी पेठेकडं पाहिलं, घोड्याकडं पाहिलं आणि हुकूम मुकाट मागं घेतला. घोडा मात्र पुढं वर्षभर माळाकडं तोंड करायला तयार नव्हता.