हिवरखडीच्या घंटेचा लोलक

हिवरखडीच्या ख्रिस्तवाडीत दगडी चर्च आहे, आणि चर्चच्या मनोऱ्यात माणसाच्या कमरेला लागेल एवढी मोठी घंटा आहे. ती वाजत नाही. तिच्या आतला लोखंडी लोलक काढलेला आहे. जोराचा वारा सुटला की फक्त वरची कडी कुरकुरते. हमरस्त्यावर पर्यटकांसाठी लावलेला फलक सांगतो, की प्लेगच्या साथीत हा लोलक एका पवित्र क्षणी आपोआप गळून पडला आणि त्याच घटकेला वाडीतून प्लेग पळाला. हे साफ खोटे आहे. लोलक एका बाईने काढला, भर दुपारी, सगळी वाडी फटीतून बघत असताना. प्लेगही पळाला नाही. तो पुढेही बराच काळ माणसे खात राहिला.

खरी हकिकत नथानाएल शिरसाठ सांगतात. आम्ही गेलो तो रविवार होता आणि उपासनेला अवकाश होता. नथानाएलकाका ओट्यावर बसले होते. मागे दार उघडे होते आणि आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी एस्तेरबाई झोपून होत्या. नाताळापासून त्या अंथरुणावरच आहेत.

“हळू बोलू, तिचा आत्ता डोळा लागलाय,” काका म्हणाले. मग आमच्या हातातल्या वहीकडे बघून म्हणाले, “लिहा. पण चमत्कार लिहू नका. आमच्या माणसांनी भिऊन काय केलं, ते लिहा.”

ते साल कोणते, याबद्दल वाडीत एकमत नाही. प्लेगचे दुसरे वर्ष असावे, असे सांगतात. आढ्यावरून उंदीर पडू लागले की लोक भाकरी अर्धी टाकून उठत. काखेत गाठ आली तर ती धडुत्याखाली लपवीत, कारण सरकारी माणसे रोग्याला उचलून छावणीत नेत आणि छावणीतून परत आलेला कोणी पाहिला नव्हता. दारे बंद झाली. भाऊ भावाच्या उंबऱ्याला जाईना. एकमेकांवर प्रीती करा म्हणून दर रविवारी ऐकणारी हीच मंडळी होती, हे काका मुद्दाम सांगतात.

तेव्हा घंटा दोन कामांसाठी वाजे. एक उपासनेला बोलावण्यासाठी आणि दुसरे मयताचा टोल देण्यासाठी. टोलाचा नियम कडक होता. घंटा वाजवणाऱ्याने मयताचा चेहरा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, मगच दोराला हात लावायचा. हे काम आमोस नावाच्या माणसाकडे होते. त्याची बायको तबीथा. तिची धाकटी बहीण सलोमे याच वाडीत दिलेली होती. नवरा गिदोन, मुलगा थोमा आणि धाकटी मुलगी दीना असे तिचे घर गल्लीच्या टोकाला, ओढ्यापाशी होते.

ओढ्याच्या बाजूला उंदीर पडले आणि सलोमेचे दार आतून बंद झाले. त्या घरातून धूर निघेनासा झाला. रविवारी घंटा झाली तेव्हा तिथून कोणी आले नाही. पुढच्या रविवारीही आले नाही. पाळकसाहेबांनी आमोसला बघून यायला सांगितले. आमोस गेला आणि परत आला.

“गेले,” तो म्हणाला.

“चेहरे पाहिलेस?” पाळकसाहेबांनी विचारले.

“पाहिले.”

मग टोल झाला. चौघांचा झाला. वाडीने बंद दारांआड गुडघे टेकून प्रार्थना केली, आणि म्हणे पुष्कळांनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले, की आता तिकडे जायचे कारण उरले नाही.

तबीथाने आकांत केला नाही. तिने चूल पेटवली आणि नवऱ्यापुढे ताट ठेवले. आमोसने घास उचलला आणि परत ताटात ठेवला.

“माझ्या सलोमेचं तोंड कसं होतं?” तिने विचारले.

आमोसने ताट बाजूला सारले.

“डोळे मिटलेले होते का उघडे? तू पाह्यलंस ना? सांग की.”

“दार पाह्यलं,” आमोस म्हणाला. “तबे, मी दार पाह्यलं. म्होरं पाय उचलंना. आतून कायबी आवाज नव्हता गं.”

ती उठली ती थेट चर्चमध्ये गेली. मनोऱ्याची शिडी चढली आणि घंटेच्या पोटातला लोलक कडीवरून उतरवून घेतला. एरवी तो दोन गड्यांना जड जाई, असे सांगतात. नथानाएलकाकांचा यावर विश्वास नाही. “तो मी स्वतः उचललाय,” ते म्हणाले. “जड आहे, पण बाईमाणसाला उचलतो. उगाच फुगवून सांगू नये.”

लोलक पदरात धरून ती गल्लीतून चालत गेली. ती जाईल तशी दारे कडीकोयंड्याने बंद होत गेली. एका खिडकीतून तिची चुलतसासू ओरडली, “अगं भवाने, मरायचं तर एकटी मर! मागारी येऊ नको इकडं!” आमोस तिच्या मागे होता. पण गल्लीतल्या वडापाशी तो थांबला आणि तिथून पुढे त्याचे पाऊल पडले नाही.

सलोमेच्या दारावर तबीथाने लोलक ठोकला. आत काही हलले नाही. तिने पुन्हा ठोकला.

“सलोमे, मी तबी. सलाम, बाई. हायेस का?”

तेव्हा दाराच्या आतून, अगदी फळीला तोंड लावल्यासारखा, आवाज आला.

“आमचा टोल झाला, तायडे. आम्ही ऐकला. आता कशापायी आलीस?”

चार माणसे अंधाऱ्या घरात जिवंत बसली आहेत आणि आपलीच मंडळी आपला टोल वाजवते आहे, हे ती ऐकत आहेत. त्यानंतर कोणती प्रार्थना ओठांवर येत असेल?

“टोल खोटा होता,” तबीथा म्हणाली. “दार उघड.”

“थोमाला गाठ आलीय. उघडलं तर उद्या तुझा टोल पडंल. न्हाई उघडायची.”

“नको उघडू. मी हितं बसते.”

ती उंबऱ्याबाहेर बसली. कौलाच्या फटीतून तिने पाणी आणि भाकरी आत सोडली. रोज सकाळी ती दारावर लोलक ठोकी आणि विचारी, “हाये का?” आतून एकेक जण आपापल्या आवाजात सांगे, “हाय.” सलोमे, गिदोन, थोमा, दीना. एका सकाळी थोमाचा आवाज आला नाही. तबीथाने पुन्हा विचारले नाही. नंतर गिदोनचा थांबला. त्या दिवशी आमोस वडापासून पुढे आला, म्हणे, आणि बायकोशेजारी येऊन बसला. मग सलोमेचाही आवाज आला नाही. फक्त लेकराचा आला, “मावशे, मी हाय. आई उठंना.”

आमोसने खांद्याने दार फोडले. या वेळी त्याने चेहरे पाहिले.

दीनाला त्यांनी घरी आणले. त्या रविवारी पाळकसाहेबांनी लोलक मागितला. घंटा वाजल्याशिवाय उपासना कशी सुरू करणार? तबीथा चर्चच्या पायरीवर उभी होती.

“न्हाई मिळायचा,” ती म्हणाली. “घंटा वरून वाजते, साहेब. तिला दार दिसत न्हाई. ज्याला बोलवायचं त्याच्या दारी जावा.”

पाळकसाहेब रागावले, असे सांगतात. पंचांनी तर तिला मंडळीबाहेर काढायचे ठरवले. पण त्याआधीच तिच्या काखेत गाठ आली. तिने लोलक दारातून बाहेर ठेवला, आमोसला आणि दीनाला बाहेर काढले आणि आतून कडी घातली.

पहिल्या सकाळी आमोसने तिचे दार ठोकले. आतून आले, “हाय.” दुसऱ्या सकाळी त्याच्यामागे पाळकसाहेब उभे होते. तेही भ्यायले होते, म्हणे, आणि तरीही त्यांनी आमोसच्या हातून लोलक घेतला. मग एकेक दार उघडत गेले. शिव्या देणारी चुलतसासूही आली. सगळी वाडी तिच्या अंगणात येऊन उभी राही आणि दारावर ठोका पडला की श्वास रोखून धरी. एके दिवशी ठोका पडला आणि आतून काही आले नाही. लोक ऊन तापेपर्यंत उभे राहिले. लोलक परत टांगून टोल द्यायला मनोऱ्याकडे कोणी गेले नाही.

तेव्हापासून घंटा मुकी आहे. काही वर्षांपूर्वी एका देणगीदाराने नवा लोलक आणि कर्णा देऊ केला होता. नथानाएलकाकांनी त्याला चहा पाजून परत पाठवले.

ते हे सांगत होते तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून ठक्क असा आवाज आला. पुन्हा आवाज आला, थोडा जवळून. दर रविवारी वाडीतले एक कुटुंब तो लोलक घेऊन ओढ्यापासून निघते आणि प्रत्येक दार ठोकते. घरात जितकी माणसे तितकी उत्तरे लागतात. एकासाठी दुसऱ्याने बोललेले चालत नाही. उत्तर आले नाही तर दार उघडून आत जायचे आणि चेहरा पाहायचा. शेवटच्या घराचे उत्तर येईपर्यंत उपासना सुरू होत नाही.

शेजारच्या दाराशी ठोका पडला. “आहे!” “आहे!” “मी पण आहे!” कोणीतरी हसले. मग तीन माणसे आमच्या ओट्यापाशी आली. पुढे होती ती तरुण बाई काकांना “सलाम, काका,” म्हणाली आणि तिने उघड्या दाराच्या चौकटीवर लोलक ठोकला.

“आहे का?”

“आहे,” नथानाएलकाका म्हणाले.

त्यांनी मागे वळून पाहिले नाही. आम्ही काही विचारणार, तोच त्यांनी हात वर करून आम्हाला गप्प केले. बाईने लोलक छातीशी धरला. आतल्या खोलीत सामसूम होती. गल्लीत मघाशी हसणारा माणूसही आता दारात येऊन उभा होता. बाईने आत पाऊल टाकण्यासाठी चप्पल काढली.

“आहे गं,” आतून एस्तेरबाईंचा आवाज आला, बारीक आणि त्रासलेला. “झोपू तरी द्याल का?”

काकांनी हात खाली घेतला. बाईने चप्पल घातली आणि पुढच्या दाराकडे गेली. आजही हिवरखडीत दर रविवारी अशीच वाट पाहतात, आणि पुढच्या दारी काय ऐकू येईल हे कोणालाच ठाऊक नसते.