राजे सारीपाटावरून उठेनात

राजे रणधवल सारीपाटावरून उठेनात, आणि राजे उठल्याशिवाय तांबुळगडात लग्न लागेना.

तिथली रीतच तशी. गडाखाली कुणाचंही लग्न असो, पहिली अक्षता राजाच्या हातची पडायची, मग बाकीच्यांच्या. इकडे भिवा माळ्याच्या अनशीला हळद लागलेली, दारात मांडव घातलेला, वऱ्हाड जानवशावर जेवून जेवून कंटाळलेलं आणि वरमाय गाल फुगवून बसलेली. तिनं निरोपच धाडला, की आज गोरज मुहूर्ताला अक्षता पडल्या नाहीत तर मुलाला घेऊन आम्ही आपल्या गावी चाललो. अनशीला तो मुलगा, हैबती, मनापासून आवडला होता. तिचा जीव टांगणीला लागला.

आता राजे का उठेनात? तर त्यांनी सारीपाटाचा नवा खेळ काढला होता. नेहमीच्या खेळात सगळे मुद्दाम हरतात, मजा येत नाही, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. राजाची सोंगटी मारायची छाती कुणाची असणार? म्हणून नवे कायदे झाले. खेळणाऱ्या चौघांनी हव्या त्याच्याशी गुपचूप दोस्ती करावी. दोस्ताची सोंगटी मारायची नाही. जो दोस्त नाही तो वैरी, त्याची खुशाल मारावी. दोस्त कोण ते खेळ संपेपर्यंत जो सांगेल त्याची मिशी भादरायची. जुना एक कायदा तेवढा ठेवला, की एक तरी सोंगटी मारल्याखेरीज मधल्या घरात शिरता येणार नाही. ज्याची सोंगटी आधी घरात गेली तो जिंकला, आणि त्याच्या दोस्ताला आंबराई बक्षीस. वर राजांनी शपथ घेतली, खेळ संपल्याशिवाय जागचा हलणार नाही!

झालं काय, दिवाणजींनी विडा देता देता राजांच्या कानात सांगितलं, मी तुमचाच. सेनापतींनी जोडे काढताना तेच सांगितलं. खजिनदारांनी तर शिंकेच्या आडून सांगितलं. राजांनी तिघांनाही मान डोलावली. आणि न जाणो, उद्या उपयोगी पडेल, म्हणून त्या तिघांनी आपसातही दोस्ती उरकून घेतली. म्हणजे सगळेच सगळ्यांचे दोस्त! कुणी कुणाला मारेना, आणि मारल्याखेरीज घरात जाता येईना. सोंगट्या आपल्या घाण्याच्या बैलासारख्या गोल गोल फिरतायत. जेवण तिथेच, झोप तिथेच. न्हावी वस्तरा परजून मिश्यांकडे बघत बसलेला.

ऊन उतरायला लागलं तशी अनशी हळदीच्या अंगानं, मुंडावळ्या बांधलेली, तरातरा गड चढली. पहारेकरी नवरीला अडवावं की नमस्कार करावा या विचारात पडला, तोवर ती आत पोचलीसुद्धा. तिनं हात जोडून राजांना आपलं गाऱ्हाणं सांगितलं.

राजे आधीच आंबलेले. म्हणाले, "शपथ मोडू होय तुझ्यासाठी? एवढी घाई असेल तर तूच संपव हा खेळ. पण कायदा मोडता कामा नये, माझ्या दोस्ताच्या सोंगटीला धक्का लागता कामा नये, त्याचं नाव फुटता कामा नये, आणि मी हरता कामा नये. जमतंय का बघ. नाही तर लग्न पुढच्या साली कर."

तिघे दरबारी मिशीतल्या मिशीत हसले. अनशीला रडू फुटायला आलं होतं, पण तिनं ते गिळलं आणि पाटाकडे नीट पाहिलं. राजांची एक लाल सोंगटी घराच्या अगदी दाराशी ताटकळत उभी होती, दुसरी लाल तिच्या थोडी मागे.

"महाराज, दोस्ताचं नाव मी विचारत नाही," अनशी म्हणाली. "एवढंच सांगा, तुमची स्वतःशी दोस्ती ठरलीय का?"

"हळद डोक्यात गेली का तुझ्या? स्वतःशी कोण दोस्ती ठरवतं?"

"मग तुम्ही तुमचे दोस्त नाही. आणि जो दोस्त नाही तो वैरी, हा कायदा तुमचाच. मारा की मागच्या लाल सोंगटीनं पुढची लाल सोंगटी!"

दिवाणजी कळवळून म्हणाले, असं आजवर कधी झालेलं नाही. त्यावर अनशी म्हणाली, दिवाणजी, सोंगट्यांनी इतक्या फेऱ्या मारल्या, हे तरी कधी झालं होतं?

राजांनी कवड्या उचलल्या. पहिलं दान फुकट गेलं, दुसरंही गेलं. खाली मांडवात वाजंत्री थांबली. पुढचं दान मात्र बरोबर पडलं. राजांनी "घे लेका!" म्हणत स्वतःचीच सोंगटी मारली आणि पुढच्या दानाला दुसरी घरात नेऊन बसवली. जिंकले!

"आता माझ्या दोस्तानं उभं राहावं," राजे म्हणाले. "आंबराई त्याची."

तिघेही एकदम उभे राहिले. मग एकमेकांकडे बघत तसेच उभे राहिले.

राजांनी आधी डोळे वटारले, मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. तक्क्यावर लोळले, डोळ्यांतून पाणी आलं. "दोस्त पोतंभर निघाले, पण माझा वैरी एकट्या या पोरीनं ओळखला. आंबराई हिला आहेर!"

"आंबराई कुठे पळत नाही, महाराज," अनशी म्हणाली. "वऱ्हाड पळतंय. आधी उठा."

राजे उठायला गेले तर दोन्ही पायांना मुंग्या, पाऊल टेकवेना. मग काय, तिघा दोस्तांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि गड उतरून मांडवात आणलं. सूर्याची कड अजून दिसत होती. राजांनी पहिली अक्षता टाकली, पण हसण्याच्या भरात निम्मी नवरा-नवरीवर पडली आणि निम्मी वरमायेच्या फुगलेल्या गालांवर.